सुडोकूचे पाच मंत्र, आणि माझा खोडरबर

नागपूरच्या फुटाळा तलावावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या कंपूत गेल्या आठवड्यात 'सुडोकूचे पाच मंत्र' नावाचा मेसेज आला. सुडोकू म्हणजे नऊ बाय नऊ घरांचं ते कोडं: प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि तीन बाय तीनच्या चौकटीत 1 ते 9 एकेकदाच यायला हवेत. मंत्र असे: जपानचा प्राचीन खेळ. गणित पक्कं हवं. आकडे जितके कमी दिलेले तितकं कोडं अवघड. अवघड कोड्यात शेवटी अंदाज लावावाच लागतो. आणि रोज एक सोडवलं की म्हातारपणी विस्मरण होत नाही. तर्री पोहे खाता खाता सगळ्यांनी माना डोलावल्या. मला राहवलं नाही.

प्राचीन वगैरे काही नाही. हे कोडं 1979 साली एका अमेरिकन मासिकात 'नंबर प्लेस' म्हणून आलं, हॉवर्ड गार्न्स यांनी रचलेलं. जपानमध्ये पोचलं 1984 मध्ये. नाव तेवढं तिथलं.

गणिताचं म्हणाल तर आकड्यांऐवजी क ते झ ही नऊ अक्षरं भरा, कोडं तसंच सुटतं. बेरीज कुठे करावी लागते?

कमी आकडे म्हणजे अवघड, हेही खरं नाही. एकच उत्तर हवं तर किमान 17 आकडे द्यावे लागतात, हे 2012 मध्ये संगणकाने तपासून दाखवलं गेलं. त्या 17 आकड्यांच्या कित्येक कोड्यांत एकेक घर सरळ भरत जातं. उलट 26-27 आकडे दिलेलं कोडं दुपारभर घाम काढतं.

खरा घात करतो तो अंदाजाचा मंत्र. त्याच्यापायी मी दोन वर्षं 'मध्यम'वर अडकलो होतो. एका घरात 4 की 7 अशी शंका, म्हणून 7 ठोकायचा. वीसेक घरं पुढे गेल्यावर एकाच उभ्या ओळीत दोन 6. चूक कुठे झाली ते कळायचं नाही, आणि शिकलो काय? खोडरबर वापरायला.

त्याऐवजी हे पाहा. दुसऱ्या आडव्या ओळीत 7 ला फक्त तिसरं आणि आठवं घर मोकळं आहे. सहाव्या ओळीतही नेमकी तीच दोन. एका ओळीत 7 तिसऱ्या घरात गेला, तर उरलेल्या ओळीत तो आठव्यातच जाणार. म्हणजे तिसऱ्या आणि आठव्या उभ्या ओळीचे 7 या चार घरांतच संपले. त्या उभ्या ओळींत इतरत्र शक्यता म्हणून बारीक लिहिलेले 7 बिनधास्त खोडा. याला एक्स-विंग म्हणतात. यात अंदाज कुठेच नाही, पण घराच्या कोपऱ्यात बारीक आकडे लिहिल्याशिवाय हे दिसतही नाही. "पेननं सोडवतो तोच हुशार नं बाप्पा," असं आमच्यातले एक काका म्हणतात. त्यांचं कोडं रोज अर्धवट असतं. अगदी टोकाच्या कोड्यांत 'हे धरलं तर काय होईल' असं तपासावं लागतं, कबूल. पेपरातल्या बहुतेक कोड्यांत नाही.

विस्मरण टळतं, हे सिद्ध झालेलं नाही. मी रोज सोडवतो. काल कूलरमध्ये पाणी भरायचं विसरलो.