शंभर टक्के निकाल म्हणे!

काल रात्री आमच्या वैनीनं एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "भावजी, पोरीला गावच्या शाळेतनं काढायचं ठरवलंय." फॉरवर्ड असा: बेळगाव जिल्ह्यात मराठी शाळांचा दहावीचा निकाल दरवर्षी खाली, इंग्लिश मिडियमचा शंभर टक्के, मास्तर फुकटचा पगार खातात, तेव्हा पोरांचं वाटोळं करू नका. कोण बसून लिहितंय हे?

आधी ते शंभर टक्के बघू. आमच्या गल्लीतला एक पोरगा असल्याच शाळेत होता, नववीला गणितात कच्चा दिसला तसं आईबापाला बोलवून "दुसरीकडं बघा की" म्हणून टीसी हातात दिली. तो दहावीला सरकारी शाळेतनं बसला, नापास झाला, आणि तो नापास कुणाच्या खात्यात गेला? सरकारी शाळेच्या! आणि ह्यांचे शंभर टक्के शाबूत, गेटवर टॉपरांच्या फोटोचा फ्लेक्स.

निकाल खाली आला म्हणे. अहो, सगळ्या कर्नाटक राज्याचाच आला की. एसएसएलसी म्हणजे कर्नाटकातली दहावी, तिचा निकाल २०२३ ला ८३.८९ टक्के, २०२४ ला परीक्षेच्या वर्गात कॅमेरे लावून वेबकास्टिंग केलं तर ७३.४०, तेपण ग्रेस मार्क वाढवल्यावर. त्याच वर्षी उडुपी जिल्हा ९४ टक्के आणि यादगीर जिल्हा ५०.५९. आता यादगीरची पोरं काय मराठीत शिकतात व्हय? आणि "बेळगाव जिल्हा" म्हणजे नेमका कुठला? शिक्षण खात्यात बेळगाव आणि चिक्कोडी असे दोन वेगळे जिल्हे आहेत, निकाल वेगळे लागतात, एवढंपण माहीत नाही आणि निघाले शाळा बंद करायला.

मास्तरांचं म्हणाल तर साठपर्यंत पोरं असली की कायद्यानं दोनच मास्तर, वर्ग मात्र पहिली ते पाचवी. एक मास्तर इलेक्शनच्या कामाला गेला की दुसऱ्यानं पाच वर्ग सांभाळायचे. कामचुकार कुणीच नाही असं मी म्हणत नाही.

इंग्रजी कच्चं राहतं हे मात्र खरं, नाईलाजानं मान्य. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलं की पोरं पहिले सहा महिने नुसती फळ्याकडं बघत बसतात. पण त्याला इंग्रजीचा चांगला मास्तर मागायचा का सहा वर्षाच्या पोरीला रोज व्हॅनमधनं खानापूर-बेळगाव हेलपाटे घालायला लावायचे?

वैनीला म्हटलं, ॲडमिशनच्या आधी एवढंच विचारून ये, गेल्या वर्षी नववीत किती पोरं होती आणि त्यातली दहावीला किती बसली.

वैनी म्हणाली, "असलं विचारलं तर ॲडमिशन देतील का?"