महाराणींचं हिंदी कसं तपासावं

सिनेमा संपलेला असतो. शेवटचा अर्धा तास कुणी पॉपकॉर्नला हात लावलेला नसतो. दिवे लागायच्या आत मागच्या रांगेतला एक तरुण उभा राहून गारद देतो, आख्खं थिएटर 'जय' म्हणतं, आपणही म्हणतो, आणि शेजारच्या अनोळखी काकूंना रुमाल देऊ की नको अशा विचारात बाहेर पडतो. इथवर सगळं आपोआप होतं. खरी कसोटी पुढे, पार्किंगच्या लिफ्टपाशी. लिफ्ट यायला चार मिनिटं लागतात आणि तेवढ्यात तुम्हाला मत द्यायचं असतं. 'रडू आलं' हे मत नव्हे. रडू सगळ्यांनाच आलेलं असतं, त्यात तुमचं वेगळं काय?

संभाजीमहाराजांवरचा हिंदी सिनेमा 'छावा' १४ फेब्रुवारी २०२५ला लागला तेव्हापासून हा प्रसंग अनेकांवर आला. माझ्यावर तीनदा आला, कारण माझ्या आत्याने तो तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा गाडी मी चालवली. त्या अनुभवावर पुढचा सल्ला बेतलेला आहे.

आधी निशाणा नीट निवडा. संभाजीमहाराजांविषयी काही बोलायचं नाही, हे सांगायला नकोच. विकी कौशलविषयीही नाही. महाराजांचं काम त्याने केलंय, तेव्हा तो त्यांच्याच छत्राखाली आहे. अक्षय खन्नाचं काम तुम्हाला सगळ्यात जास्त आवडलेलं असतं, पण तो औरंगजेब झालाय, तेव्हा 'काय केलंय त्याने!' हे वाक्य लिफ्टमध्ये किती मोठ्याने म्हणायचं ते आजूबाजूला बघून ठरवा. इतिहासात शिरू नका. गणोजी आणि कान्होजी शिर्के फितूर दाखवले म्हणून शिर्के घराण्याच्या वारसांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. तुमच्यामागे तर निर्मातासुद्धा उभा नाही. लेझीम हा उत्तम विषय होता, पण महाराज लेझीम खेळतात ते दृश्य सिनेमा लागायच्या आधीच काढून टाकल्यामुळे तोही हातचा गेला. मग उरलं कोण? रश्मिका मंदाना, म्हणजे सिनेमातल्या येसूबाई, संभाजीमहाराजांच्या राणी. तिचे उच्चार अनेकांना खटकले. कर्नाटकातल्या कोडगूची मुलगी, महाराष्ट्राची महाराणी, आणि संवाद हिंदीत. असा योग पुन्हा जमून यायचा नाही.

आता बोलायचं कसं, ते ऐका. 'वाईट केलं' असं कधी म्हणू नये, त्याला पुरावा लागतो. 'खटकलं' म्हणावं. खटकण्याला पुरावा लागत नाही, ते दाढदुखीसारखं असतं, ज्याचं त्याला कळतं. काय खटकलं, तर उच्चार. कुठला शब्द, असं कुणी खोदून विचारलंच तर 'ओव्हरऑल' म्हणावं. शब्द सांगायला जाल तर फसाल. पहिल्या खेपेला आत्याने एक शब्द सांगितला होता. दुसऱ्या खेपेला आम्ही कान लावून बसलो, तर तो शब्द येसूबाई बोलतच नाहीत असं निघालं. तो ट्रेलरच्या आधी लागलेल्या दागिन्यांच्या जाहिरातीत होता.

आणि हे सगळं कुठल्या भाषेत बोलायचं, याची चिंता करू नका. माझ्या पुढ्यातल्या मुलाने मैत्रिणीला सांगितलेलं वाक्य मी जसंच्या तसं लक्षात ठेवलंय: "मूव्ही ऑसम होता यार, बट तिचा अ‍ॅक्सेंट ना, आय मीन, मराठी फीलच नाही आला." लिफ्टमधल्या एकाही माणसाला यात काही खटकलं नाही. मलाही नाही. मी मान डोलावली.

पुढचा मुद्दा जरा नाजूक आहे, तो घाईने उरकावा. तो असा की सिनेमा हिंदी आहे. म्हणजे आपली तक्रार नेमकी काय, तर येसूबाई हिंदी बोलताना दाक्षिणात्य वाटल्या, त्या मराठी वाटायला हव्या होत्या. हिंदी बोलणारा मराठी माणूस कसा वाटतो हे आपण रोज रिक्षात, बँकेत आणि दिल्लीहून आलेल्या साहेबांसमोर ऐकतोच. 'हमको ये नहीं चलेगा, हम बोला ना तुमको.' हे महाराणींच्या तोंडी घातलं असतं तर आपण थिएटर डोक्यावर घेतलं असतं. तेव्हा मराठी वळणाचं हिंदीही नको, कानडी वळणाचंही नको आणि लखनौचंही नको. नेमकं कसं हवं, हे आपल्याला ठाऊक आहे, सांगता येत नाही एवढंच.

बरं, मराठी म्हणजे तरी कुठलं? येसूबाई शृंगारपूरच्या. शृंगारपूर संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. त्या भागाची संगमेश्वरी बोली आजही नमन-खेळे या कोकणी लोकनाट्यात ऐकायला मिळते, तिला स्वतःचा हेल आहे. सतराव्या शतकात त्या कशा बोलत याचं ध्वनिमुद्रण कुणाकडे नाही, पण समजा, एखाद्या हट्टी दिग्दर्शकाने अस्सलपणाचा ध्यास घेऊन महाराणींच्या बोलण्याला त्या मातीतला हेल दिला, तर पहिल्याच वाक्याला हशा पिकेल. कारण मालिकांनी आपल्याला शिकवलंय की तो हेल घरगड्याचा, नाहीतर देवळाबाहेरच्या ग्रामस्थाचा असतो. राण्या बोलतात ते मराठी शृंगारपुरात जन्मलेलं नाही, रायगडावरही नाही. ते स्टुडिओत जन्मलं. त्यात प्रत्येक वाक्यानंतर दोन सेकंद थांबून पदर सावरायचा असतो. आपण अस्सल म्हणतो ते हेच, आणि ते ओळखण्यात आपला कान अजिबात चुकत नाही.

शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी त्या काळची पत्रं शक्यतो वाचू नयेत. मराठी कारभाराच्या कागदांत फारसी शब्दांची इतकी गर्दी होती की शिवाजीमहाराजांना त्यांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला. आणि हिंदीचंच म्हणाल तर त्या घरात ते उत्तम येणारा माणूस होता, फक्त त्याची परीक्षा कुणी घेतली नाही. संभाजीराजांनी संस्कृतात 'बुधभूषण' लिहिला, तसेच ब्रजभाषेत 'नखशिख' आणि 'नायिकाभेद' लिहिले. 'विकीच्या बोलण्यात ब्रजचा गोडवा नाही' असं म्हणणारा समीक्षक मी लिफ्टमध्ये, जिन्यात आणि चहाच्या टपरीवर शोधला. सापडला नाही. विकी पंजाबी घरातला आहे, पण तो गर्जना करतो, आणि गर्जनेला अ‍ॅक्सेंट नसतो. येसूबाईंना गर्जना दिलेली नाही, म्हणून त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ ऐकू येतात.

तुलना केल्याशिवाय चर्चा पुरी होत नाही. 'स्वराज्यरक्षक संभाजी' मालिकेतली प्राजक्ता गायकवाड काढा, 'आमची येसूबाई तीच' म्हणा, विषय संपला. मालिका २०१७ ते २०२० रोज रात्री घरात येत होती आणि सिनेमाला सगळं मिळून पावणेतीन तासही नाहीत, असले हिशेब मांडत बसू नये. नाटकवाले भेटले तर ते 'रायगडाला जेव्हा जाग येते' काढतील, १९६२ सालचं, त्यांच्यापुढे आपण गप्प बसावं. त्याहून मागे जायची हौस असेल तर 'राजा हरिश्चंद्र' आहे. १९१३ साली फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. चार वर्षांनी 'लंकादहन'मध्ये तेच राम आणि तेच सीता. त्यांचे उच्चार कुणाला खटकले नाहीत. सिनेमा मुका होता, हे त्यांचं भाग्य.

काशीबाईंची आठवण मात्र आवर्जून काढा. २०१५ साली ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'वरून 'बाजीराव मस्तानी' आला तेव्हा त्यातल्या 'पिंगा' गाण्यावरून आपण केवढं रान उठवलं होतं! पेशवीणबाई अशा नाचतील का, नऊवारी अशी नेसतील का. तेव्हा काशीबाईंच्या पायाच्या दुखण्यावर घराघरात अस्थितज्ज्ञ तयार झाले होते. आज त्यांच्याच घरांत भाषातज्ज्ञ आहेत. माणसं तीच, फक्त खातं बदललं.

तुम्ही दुसऱ्या पक्षातले असाल, म्हणजे रश्मिकाच्या बाजूचे, तर तुमच्यासाठीही सोय आहे. 'तिचे डोळे बोलतात' हे वाक्य पाठ करा. उच्चाराचा मुद्दा निघाला की डोळे, डोळ्यांचा निघाला की मेहनत, आणि मेहनतीचा निघाला की ट्रेलरच्या कार्यक्रमाला ती दुखऱ्या पायाने आली होती हे सांगा. जायबंदी पायाचा अभिनयाशी संबंध काय, असं विचारायचं धाडस सभ्य माणूस करत नाही. शेवटचं शस्त्र कमाईचं: देशात सहाशे कोटींच्या घरात गेला, मग? या 'मग?'ला उत्तर नाही. यशाच्या पोत्यात येसूबाईंचा वाटा किती पायली, हे कुणालाच मोजता येत नाही.

एक प्रश्न मात्र दोन्ही पक्षांनी कटाक्षाने टाळावा: तिला करायला काय दिलं होतं? या प्रश्नाने गप्पांचा विचका होतो. मी केला, म्हणून सांगते. दुसऱ्या खेपेला मध्यंतरात, समोशाच्या रांगेत, मी आत्याला म्हटलं, "आत्या, ओवाळलं, वाट पाहिली, काळजी केली, निरोप दिला. अगं, या बाईंच्या नावाचा शिक्का होता. 'श्री सखी राज्ञी जयति'. राजे मोहिमेवर असले की कारभार त्या बघायच्या. तो कारभार दाखवला का कुठे?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, पटलं.

"नथ बघितलीस का?" ती म्हणाली. "एवढी जड नथ घातली की जीभ अडखळणारच. तिला क्लिपची हलकी द्यायला हवी होती."

रांगेतल्या पुढच्या बाईंनी मागे वळून दुजोरा दिला. त्यांच्या मते दोष नथीचा नसून नाकाचा होता. मग समोसे येईपर्यंत नाक, नथ आणि मोत्यांची संख्या यांवर इतकी सुंदर चर्चा झाली की शिक्क्याचा विषय मलाच पुन्हा काढवेना. शिवाजी सावंतांची 'छावा' कादंबरी (१९७९, आमच्या घरी आहे, तिच्यावर फोन टेकवून आत्या व्हिडिओ कॉल करते) वाचून आलेल्या एका काकांनी 'पुस्तकात येसूबाई जास्त आहेत' असं सांगून पाहिलं. त्यांना सगळ्यांनी आदराने चटणी दिली.

म्हणून म्हणते, अभिनयाची चर्चा उच्चारावर ठेवावी. भूमिका किती लिहिली गेली, कुणी लिहिली, हा विषय काढला की खापर फोडायला एक नटी पुरत नाही, आणि इतकी डोकी शोधायला लिफ्टची चार मिनिटं कमी पडतात.

त्यातून सिनेमा संपतो कुठे, तर मार्च १६८९मध्ये. येसूबाईंचं खरं काम सुरू होतं तिथूनच. नवरा गेलेला, मुलगा सात वर्षांचा, रायगडाला वेढा. अशा वेळी गादीवर स्वतःच्या मुलाचा हक्क न सांगता त्यांनी दिराला, राजारामांना, गडाबाहेर काढलं, म्हणजे राज्याला डोकं राहील. नोव्हेंबरात रायगड पडला. त्या शाहूसह मोगलांच्या कैदेत गेल्या. १७०७ला औरंगजेब मेल्यावर शाहूंना सोडलं, यांना मात्र ठेवून घेतलं. बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून त्यांना घेऊन आले ते १७१९ साली. जवळजवळ तीस वर्षं. यात गाणं कुठे घालणार? प्रवेशाला तुतारी नाही, गुलाल नाही, घोडा नाही. तंबू, पहारे, एका छावणीतून दुसऱ्या छावणीत हलवाहलव. यावर सिनेमा निघेल अशी भीती बाळगू नका.

तिसऱ्या खेपेला परत येताना, सिग्नलला थांबलो असताना, हे मी आत्याला सांगितलं. एवढंच नाही, 'छावा'त डायना पेंटीने केलेली औरंगजेबाची मुलगी आठवते ना, झीनत, तिनेच पुढे कैदेत येसूबाईंची आणि शाहूंची देखभाल केली, हेही सांगितलं. आत्या खिडकीबाहेर बघत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मागच्याने हॉर्न दिला, मी गाडी पुढे काढली.

"मला सांग," मी म्हटलं, "वर्षानुवर्षं त्या दोघी एकमेकींशी कुठल्या भाषेत बोलत असतील?"

"हिंदीत, दुसरं काय," आत्या म्हणाली. "पण त्या झीनतचं हिंदी बरं होतं."