गढीतल्या सुनेची वाट पाहतेय

तारीख पक्की झाली. अक्षय तृतीयेच्या आठवड्यात पुस्तक हातात पडणार, असं प्रकाशकांनी काल फोनवर सांगितलं. तीन वर्षांपासून मी या कादंबरीच्या मागावर आहे, म्हणून आज जरा लांब लिहितेय. सवडीनं वाचा, पण वाचा.

लिहिणाऱ्या बाई आमच्याच वऱ्हाडातल्या. पुस्तकाचं नाव आणि मुखपृष्ठ अजून जाहीर व्हायचंय, तोवर मी काही फोडत नाही. पहिलं प्रकरण मात्र त्यांनी मागच्या दिवाळीत आमच्या वाचनालयात वाचून दाखवलं होतं. पंधरा-वीस जण असू. साल १८६४. नागपूरची एक मुलगी लग्न होऊन पूर्णाकाठच्या देशमुखांच्या गढीत येते. बैलांची दमणी दरवाज्यापाशी थांबते. खाली पाय टेकवायच्या आधी ती विचारते, ‘विहिरीचं पाणी गोड आहे ना?’ आणि उभ्या असलेल्या माणसांपैकी एकही जण उत्तर देत नाही. प्रकरण तिथंच संपतं.

खारपाणपट्ट्यात जन्म गेलेल्या माणसाला त्या प्रश्नातली धडकी समजावून सांगावी लागत नाही. आमच्याकडे विहीर खणा, खारं पाणी लागतं. डाळ शिजत नाही, चहा फाटतो. नव्या सुनेला पहिल्या घोटालाच कळतं, आपण कुठं येऊन पडलो ते. बाईंनी वाचन थांबवलं तेव्हा कुणी खोकलंसुद्धा नाही.

ही कादंबरी गॉथिक आहे, आणि गॉथिक म्हटलं की आपल्याकडे लोक भुताचं पुस्तक समजतात. तसं ते नाही. १७६४ साली इंग्लंडमध्ये हॉरेस वॉलपोलनं एका किल्ल्याची गोष्ट लिहिली, पुढच्या आवृत्तीवर ‘गॉथिक’ हा शब्द छापला, आणि तिथून हा प्रकार सुरू झाला. पुढं तो बायकांनी मनावर घेतला, लिहिणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनीही. कारण त्यातली गोष्ट त्यांची होती. मोठं घर, त्या घरात नवीन आलेली बाई, एक बंद खोली, आणि एक पुरुष ज्याच्यावर जीव जडतो पण ज्याचं सगळं खरं कळत नाही. प्रेम आणि भीती एकाच उंबरठ्यावरून आत येतात. मला सांगा, यात परकं काय आहे? लग्न करून अनोळखी घरात गेलेली कोणती बाई हे वाचून म्हणेल की मला नाही कळलं?

आमच्या गावातले एक गुरुजी मला म्हणाले, धुकं नाही, दगडी किल्ला नाही, वऱ्हाडात कसलं गॉथिक? मी गुरुजींना मानते, पण इथं ते चुकतात. आपली भीती धुक्याची नाहीच. ती दुपारची आहे. चैत्र-वैशाखात बारा वाजता गावात निघून बघा. पारा पंचेचाळिसाला टेकलेला, काळ्या रानाला हात हात भेगा पडलेल्या, सगळी दारं लावलेली, कुत्रंसुद्धा आवाज करत नाही. लहानपणी आम्हाला रात्रीपेक्षा दुपारचीच ताकीद जास्त होती. बारा वाजता पिंपळाखाली जायचं नाही, तिथं मुंजा असतो. दुपारची ओसाड गढी ज्यानं पाहिली आहे, त्याला बर्फातला बंगला कशाला हवा? बाईंनी पहिल्या प्रकरणात दिवा लावलेलाच नाही. सगळं टळटळीत उन्हात घडतं. तिथंच माझा विश्वास बसला.

आणि साल बघा किती विचारानं निवडलंय. १८५३मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं, नावापुरतं राज्य निजामाचं. पुढच्याच वर्षी नागपूरचं भोसल्यांचं राज्य डलहौसीनं खालसा केलं, वाड्यातले हत्तीघोडे आणि जडजवाहीर लिलावात निघालं. कादंबरीतल्या मुलीचा बाप त्या वाड्यात नोकरीला होता, म्हणजे तिनं एक मोठं घर मोडताना लहानपणीच पाहिलंय. १८६१पासून अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ला युद्ध संपलं, भाव कोसळला. १८६४ म्हणजे पैसा सगळ्यात जास्त असण्याचा आणि पायाखालची जमीन सरकायच्या बेतात असण्याचा काळ. गढीतल्या खोल्या कापसानं भरलेल्या आहेत, आणि किंमत कशी ठरते हे गढीत कुणालाच कळत नाही. कापसाच्या भावापायी झोप उडणं म्हणजे काय, ते इथं आजही प्रत्येक घराला माहीत आहे. अशा घरात मला भूत नसलं तरी चालेल.

आता माझी गोष्ट सांगते, म्हणजे मी एवढी का अडून बसले ते कळेल. माझ्या आईच्या गावात अशीच एक गढी होती. होती म्हणते, कारण ती लोकांनी शेतात नेली. गढीची पांढरी माती रानाला चांगली म्हणून वर्षानुवर्षं गाड्या भरून नेली. मी सातवीत असताना पावसाळ्यात तिची एक भिंत खचली आणि आतली खोली उघडी पडली. आम्ही पोरी पाहायला गेलो. भिंतीत एक कोनाडा होता, त्याच्या वर दिव्याची काजळी जशीच्या तशी. आणि कोनाड्याखाली, माझ्या छातीच्या उंचीवर, मातीत उमटलेले चार बोटांचे फराटे. सारवताना शेवटचा हात फिरवून कुणी तरी उठली होती, आणि ते कुणी पुसलं नव्हतं. मी माझी बोटं त्यावर ठेवली. बसली बरोबर.

घरी येऊन आजीला विचारलं, तिथं कोण राहायचं. आजी म्हणाली, ‘देशमुखाची सून राहे म्हन्ते. लय जुनी गोष्ट हाये.’ नाव काय तिचं? ‘नाव कोन सांगते वं. सून म्हनत तिले.’

आमच्याकडे इतिहास काही कमी नाही. १८०३च्या एका हिवाळ्यात इंग्रज-मराठ्यांची अडगावची लढाई झाली, गाविलगड पडला, देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह झाले. गाविलगडाचा किल्लेदार बेनीसिंग पोरासोरांना माहीत आहे. त्याच्या घरातल्या बायकांनी जोहार केला असं सांगतात. त्यातल्या एकीचं तरी नाव कुणी सांगेल का? मराठीत ऐतिहासिक कादंबरी १८७१च्या ‘मोचनगड’पासून आहे, आणि तेव्हापासून आपण गडावरच्या पुरुषांबरोबर भरपूर घोडदौड केली. मला आता कोनाड्यापाशी बसलेल्या बाईबरोबर बसायचंय. तिला कशाची भीती वाटली, नवऱ्यावर तिचा जीव कधी जडला, वडीलधाऱ्यांसमोर दिवसभर एक शब्द न बोलता दोघांनी एकमेकांना काय सांगितलं, हे मला वाचायचंय. तह आणि लढायांमधून ते मिळणार नाही. ते कादंबरीतच मिळेल.

मनात धाकधूक आहेच. प्रेमाच्या नादात गढीचा नुसता शालू-दागिन्यांचा देखावा होऊ नये. गढीत राबणाऱ्या गड्यांना आणि मोलकरणींना नुसतं दार उघडायला ठेवू नये, घरातलं खरं त्यांनाच ठाऊक असतं. एका प्रकाशकानं म्हणे संवादातली वऱ्हाडी काढून टाका असं सुचवलं होतं. बाईंनी हस्तलिखित परत घेतलं आणि दोन वर्षं थांबल्या. त्यांच्या त्या दोन वर्षांसाठी तरी हे पुस्तक विकत घ्या, मागून नेऊ नका.

मी दोन प्रती सांगून ठेवल्यात. एक वाचनालयाला, एक घरी. आजी आता नव्वदीच्या पुढं आहे, तिला डाव्या कानानंच ऐकू येतं, त्यामुळे त्या बाजूला बसून मोठ्यानं वाचावं लागेल. दुपारची जेवणं झाली की दार लोटून घेऊ आणि सुरू करू. तिला सांगितलंय मी, गढीच्या सुनेवर पुस्तक येतंय म्हणून. तेव्हापासून दर दोन दिवसांनी विचारते, ‘आलं का वं?’