‘दोन्हींत काहीच फरक नाही’ या अभिप्रायास दुकानातर्फे उत्तर

स. न. वि. वि.

आमच्या विश्रामबाग येथील दुकानाला दोन तारे देऊन आपण लिहिलेला अभिप्राय काळजीपूर्वक वाचला. चिरंजीवांसाठी आपण आमच्याकडून 7,500 रुपयांचा वायरलेस गेमिंग हेडसेट नेला. त्यांच्या माधवनगरच्या मित्राला ‘वायरलेस, 7.1, 50 मिमी’ असे सगळे छापलेला हेडसेट ऑनलाइन 1,900 रुपयांत मिळाला. दोन्ही हेडसेट घरी मोबाइलला जोडून गाणी ऐकल्यावर आपल्याला फरक जाणवला नाही, उलट महागड्या हेडसेटचा आवाज गेम खेळताना मध्येच तुटतो, आणि दुकानात तर 20,000 रुपयांच्या वरचाही माल समोर ठेवला गेला, अशी आपली तक्रार आहे. हा प्रश्न काउंटरवर इतरही पालक विचारतात, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

आपण घरी केलेली तुलना प्रामाणिक आहे आणि तिचा निष्कर्षही बरोबर आहे, फक्त तो गाण्यांपुरता बरोबर आहे. मोबाइलला जोडताना दोन्ही हेडसेट ब्लूटूथवर चालतात. ब्लूटूथवर सर्वसाधारणपणे जो एसबीसी कोडेक (आवाज दाबून पाठवण्याची पद्धत) वापरला जातो, त्यात आवाज कानापर्यंत पोहोचायला साधारण 150 ते 250 मिलिसेकंद लागतात. गाणे ऐकताना हा उशीर कळण्याचे कारणच नाही. चित्रपट पाहतानाही बहुतेक ॲप चित्र तेवढेच मागे ठेवून ओठ आणि शब्द जुळवून घेतात. गेममध्ये मात्र चित्र थांबवता येत नाही. सेकंदाला 60 फ्रेम (चित्रे) दाखवणाऱ्या पडद्यावर एक फ्रेम सुमारे 16.7 मिलिसेकंदांची असते, म्हणजे 200 मिलिसेकंदांचा उशीर झाला तर समोरच्या खेळाडूच्या पावलांचा आवाज 12 फ्रेम उशिरा येतो, आणि तोवर तो खेळाडू भिंतीआडून बाहेर आलेला असतो. आपण नेलेल्या हेडसेटसोबत जो संगणकाला लावायचा छोटा यूएसबी डोंगल आहे, तो 2.4 गिगाहर्ट्‌झच्या रेडिओ लहरींवर स्वतःचा वेगळा दुवा जोडतो आणि हा उशीर त्याच्या लहानशा भागावर आणतो. मित्राच्या हेडसेटमध्ये केवळ ब्लूटूथ आहे. किमतीतल्या फरकाचा मोठा भाग या डोंगलचा आहे, आणि मोबाइलवरच्या तुलनेत तो डोंगल खोक्यातच राहिला होता.

दुसरा फरक माइक सुरू केल्यावर कळतो, आणि माझ्या मते तो पहिल्यापेक्षाही महत्त्वाचा आहे. प्रचलित ब्लूटूथमध्ये ऐकणे आणि बोलणे एकाच वेळी सुरू झाले की संगणक हेडसेटला फोनवर बोलण्याच्या पद्धतीत ढकलतो. या पद्धतीत आवाजाचे नमुने सेकंदाला 8,000 किंवा फार तर 16,000 घेतले जातात, जिथे एरवी ते 44,100 किंवा 48,000 असतात, आणि डावा-उजवा हा भेदही उरत नाही. संघातल्या मित्रांशी बोलणे सुरू होताच गोळीबार डावीकडून की उजवीकडून, हे सांगणारी माहितीच नाहीशी होते. हा त्या स्वस्त हेडसेटचा दोष नाही, ब्लूटूथच्या जुन्या रचनेचा आहे. एलई ऑडिओ ही ब्लूटूथची नवी पद्धत आणि तिचा एलसी3 कोडेक यांनी ही अडचण बरीच दूर होते, परंतु त्यासाठी हेडसेट आणि संगणक या दोघांनाही ती सोय असावी लागते. चिरंजीव संगणकावर चौघा मित्रांसोबत बोलत खेळतात, असे खरेदीच्या वेळी आपणच सांगितले होते आणि त्यावरूनच डोंगलचा हेडसेट सुचवला होता.

आता खोक्यावरच्या आकड्यांविषयी. 50 मिमी हे आतल्या ड्रायव्हरचे, म्हणजे आवाज काढणाऱ्या छोट्या स्पीकरचे, माप आहे, त्याच्या प्रतीचे नव्हे. आपल्या शेजारी मिरजेत भोपळ्याचा घेर मोजून कोणी तानपुरा पसंत करत नाही, जवारी (तारांचा झंकार) कशी लागली आहे ते ऐकूनच करतो. 40 मिमीचा नीट बसवलेला ड्रायव्हर 50 मिमीच्या ढिसाळ ड्रायव्हरपेक्षा पावलांचा आवाज अधिक स्पष्ट देतो. 7.1 (चहूबाजूंनी येणाऱ्या आवाजाचा दावा) म्हणजे कानात सात-आठ स्पीकर बसवलेले असतात, असा समज झाला असल्यास तोही सोडावा. बाजारातल्या बहुतांश हेडसेटमध्ये प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर असतो आणि दिशेचा भास सॉफ्टवेअर निर्माण करते. तशी सोय विंडोज 10 पासून विंडोज सॉनिक या नावाने फुकट मिळते, शिवाय व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये एचआरटीएफ ही आवाजाची दिशा दाखवणारी स्वतःची सोय आहे. ती चालू असताना हेडसेटचे 7.1 बंदच ठेवावे, कारण एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया झाली की दिशा स्पष्ट होण्याऐवजी गढूळ होते. त्यामुळे 7.1 या छापील आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये, असे मी आमच्याच काउंटरवर सांगतो.

आवाज तुटण्याचे बहुधा कारण आपण जोडलेल्या छायाचित्रातच दिसते. डोंगल कॅबिनेटच्या मागच्या निळ्या यूएसबी 3.0 पोर्टमध्ये आहे, त्याला लागून बाहेरची हार्ड डिस्क आहे आणि वर वाय-फायचा राउटर ठेवलेला आहे. यूएसबी 3.0 ची जोडणी काम करताना 2.4 गिगाहर्ट्‌झच्या आसपास रेडिओ गोंगाट निर्माण करते, हे इंटेलने 2012 मध्येच एका तांत्रिक निबंधात मांडले होते, आणि कॅबिनेटचा पत्रा डोंगल व खुर्ची यांच्या मध्ये येतो तो वेगळाच. एक मीटरची साधी यूएसबी एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल टेबलावर समोर आणावा, आणि राउटर 5 गिगाहर्ट्‌झचा असल्यास संगणक त्या बँडवर जोडावा. या केबलला फारसे पैसे पडत नाहीत. आपण आलात तर आम्हीच देऊ.

20,000 रुपयांच्या वरचा माल आपण ‘सगळ्यांत चांगला कोणता’ असे विचारल्यामुळे दाखवला, आणि तो घेऊ नये असेही त्याच वेळी सांगितले होते. त्या वर्गात पैसे प्रामुख्याने सोयीचे असतात. स्टीलसिरीजच्या आर्क्टिस नोव्हा प्रो वायरलेसमध्ये अदलाबदल करता येणाऱ्या दोन बॅटऱ्या आहेत, एक कानाला असताना दुसरी बेस स्टेशनमध्ये चार्ज होते, आणि गेम व मोबाइल एकाच वेळी ऐकता येतात. त्याहून कमी किमतीच्या हायपरएक्स क्लाउड अल्फा वायरलेसला कंपनी 300 तासांची बॅटरी सांगते, म्हणजे रोज तीन तास खेळले तर शंभर दिवस. वीज गेली तरी हेडसेट चालूच राहील, संगणक मात्र बंद पडलेला असेल. शाळकरी मुलासाठी या सोयींचे पैसे मोजावेत, असे मला वाटत नाही.

स्वस्त वायरलेस हेडसेट कोणीच घेऊ नये, असेही माझे म्हणणे नाही. केवळ मोबाइलवर, संघाशी न बोलता खेळायचे असेल तर तो चालतो. मात्र फोनला 3.5 मिमीचा जॅक असल्यास हजार-बाराशेचा वायरचा हेडसेट त्याहून सरस ठरतो, कारण त्यात उशीर जवळपास नसतोच. आम्हाला त्यात नफा कमी मिळतो, तरीही सांगतो. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात कृत्रिम चामड्याच्या कानावरच्या गाद्यांचे घामाने पापुद्रे निघतात, म्हणून सुट्या गाद्या मिळतात की नाही हेही खरेदीपूर्वी विचारावे. स्वस्त मालाच्या बहुधा मिळत नाहीत.

पुढे कन्सोल (टीव्हीला जोडायचे गेमचे यंत्र) घेण्याचा विचार आपण अभिप्रायात लिहिला आहे. पीएस5 आणि एक्सबॉक्स या दोहोंनाही ब्लूटूथ हेडसेट थेट जोडता येत नाही. पीएस5 वर अनेक यूएसबी डोंगल चालतात, एक्सबॉक्सला मात्र त्याच्यासाठीच बनवलेला वायरलेस हेडसेट लागतो, त्यामुळे कन्सोल ठरल्यावर आधी आम्हाला विचारावे.

केबल लावूनही आवाज तुटत राहिला तर हेडसेट बिलासह दुकानात आणावा. आपल्यासमोर दुसऱ्या संगणकावर तपासू, आणि दोष हेडसेटचाच निघाला तर वॉरंटीतून बदलून देऊ. येताना डोंगल सोबत असू द्यावा. त्याविना तपासणी करता येणार नाही.

आपला,
दुकानचालक,
विश्रामबाग, सांगली