दुकानात उभे राहिलेले सव्वीस जण

मागच्या रविवारी इथे इंग्लंडमध्ये रेडिंगच्या घरी मुलांना ‘स्पेशल २६’ दाखवला. नीरज पांडे यांचा २०१३ सालचा चित्रपट. अक्षय कुमार, अनुपम खेर आणि मंडळी सीबीआयचे अधिकारी बनून धाडी घालतात. सुरुवातीलाच दिल्लीत एका मंत्र्याच्या घरातून घबाड बाहेर निघतं आणि मंत्री तक्रारसुद्धा करत नाही, कारण पैसा काळा असतो. मुलं पोट धरधरून हसली. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही अशीच हसले होते. या वेळी जमलं नाही. दहाच दिवसांपूर्वी डोंबिवलीला आईला तसाच एक फोन आला होता.

“तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत.” मग व्हिडिओ कॉल, गणवेशातला माणूस, मागे भिंतीवर बोधचिन्ह. कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, कुणाला फोन करायचा नाही, मुलीला सांगितलंत तर तिलाही अटक होईल. माझी आई चार तास खुर्चीत बसून होती. पाणी प्यायलाही तिने परवानगी मागितली. समोरच्या काकूंनी दाराची बेल वाजवत ठेवली म्हणून ती उठली आणि पैसे वाचले. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा सुरू: एवढी वर्षं शाळेत शिकवलं, तरी बाईंना कळलं कसं नाही?

हा प्रश्न मला फार लागला. म्हणून हा चित्रपट ज्या खऱ्या घटनेवर बेतला, तिच्याकडे पुन्हा वळते.

मी गिरगावची. मार्च १९८७ मध्ये ऑपेरा हाऊसला जे घडलं त्याची चर्चा मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकल्याचं अंधुक आठवतं. एका माणसाने वर्तमानपत्रात जाहिरात दिली: गुप्तचर आणि सुरक्षा अधिकारी पदांसाठी पदवीधर हवेत. मुलाखती ताजमहाल हॉटेलात झाल्या. सव्वीस जणांना निवडलं. १९ मार्चला त्यांना बसमध्ये घालून त्रिभोवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर नेलं. झडतीचं वॉरंट दाखवलं. कुणी बाहेर जायचं नाही, कुणी फोन करायचा नाही, असा हुकूम सुटला. दागिने ‘नमुने’ म्हणून पिशव्यांत भरून त्यांवर सील लावलं. मग साहेब पिशव्या घेऊन निघाले, बाकीच्यांना पहाऱ्यावर ठेवलं, आणि परत आलेच नाहीत. आजवर ते सापडलेले नाहीत.

चित्रपटात सगळा जीव त्या साहेबांत आहे. माझ्या डोळ्यांसमोरून मात्र ते सव्वीस जण हलत नाहीत. पेढीतले लोक त्यांना सरकारी अधिकारी समजत होते आणि ते स्वतःला नोकरीवर रुजू झालेले समजत होते. पहिला दिवस म्हणून इस्त्रीचे कपडे घालून आले असणार, घरी आईला सांगून आले असणार. त्यांनीही साहेबाला ओळखपत्र मागितलं नाही. कसं मागणार? आपल्याकडे साहेबाला पुरावा मागणं म्हणजे उद्धटपणा, हे आपण लहानपणापासून शिकतो. माझ्या आईनेच मला ते शिकवलं आणि तिला तिच्या आईने. त्या माणसाने बंदूक न दाखवता पेढी लुटली ती याच शिकवणीच्या जोरावर. आज फोनवरून लुटणारे तीच वापरतात. २०२४ मध्ये लुधियानाच्या एका नामवंत उद्योगपतींना तर सर्वोच्च न्यायालयाची खोटी ऑनलाइन सुनावणी दाखवून सात कोटींना फसवलं. शिक्षण कमी पडलं म्हणून माणसं फसतात, हे म्हणणं मला मुळातच चुकीचं वाटतं.

मी इथे आले त्या वर्षी विजेचं मीटर वाचायला एक माणूस आला. मी दार सताड उघडलं. त्याने आधी गळ्यातलं कार्ड पुढे केलं आणि म्हणाला, दार लावून घ्या, कंपनीला फोन करून माझी खात्री करा, मी बाहेर थांबतो. मला इतका संकोच वाटला की मी फोन केलाच नाही. नंतर कळलं की इथल्या वृद्धांना वीज कंपनीकडे स्वतःचा एक परवलीचा शब्द ठरवून ठेवता येतो. आलेल्या माणसाने तो सांगितला तरच दार उघडायचं.

इथे सगळं आलबेल आहे असं मात्र मी अजिबात म्हणणार नाही. पोलीस असल्याचं सांगून म्हाताऱ्यांना बँकेतून रोकड काढायला लावायची आणि दारातून ती घेऊन जायची, हा प्रकार इथेही चालतो. आणि २०२१ मध्ये लंडनमध्ये नोकरीत असलेल्या एका खऱ्या पोलिसानेच ओळखपत्र दाखवून, खोटी अटक करून एका तरुणीला पळवून नेलं आणि ठार मारलं. त्यानंतर पोलिसांनी बायकांना सल्ला दिला की संशय आला तर जाणारी बस हात करून थांबवा. लोक खवळले. सावध राहण्याचं ओझं आमच्यावरच का? मग लंडन पोलिसांनी नियम केला: साध्या वेशातला एकटा अधिकारी एखाद्या स्त्रीशी बोलू लागला तर त्यानेच नियंत्रण कक्षाला व्हिडिओ कॉल लावून आपली ओळख पटवून द्यायची. खात्री करून देण्याचं काम अधिकाऱ्याचं झालं. तो संताप मला आपल्याकडे हवा आहे.

पैशांचंही तसंच. ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये फसवणुकीला बळी पडून कुणी स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवले, तर ८५,००० पौंडांपर्यंतची भरपाई बँकांनी द्यायची असते. निम्मी पाठवणाऱ्या बँकेने, निम्मी चोराचं खातं सांभाळणाऱ्या बँकेने. रोकड किंवा परदेशी पाठवलेली रक्कम त्यात येत नाही, मोठा निष्काळजीपणा असेल तर दावा नाकारलाही जातो. तरी चोराला खातं उघडून देणारी बँक हिशेबात आली, हे मला मोठं वाटतं. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये नियम केले, ते ग्राहकाला वाचवत ते त्याच्या नकळत झालेल्या व्यवहारात. घाबरून स्वतः पाठवलेल्या पैशांना ते संरक्षण त्यांत नव्हतं. पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये सांगितलं, थांबा, विचार करा, मग कृती करा. १९३० हा मदतीचा क्रमांक आहे. दोन्ही गरजेचं आहे, पण दोन्ही पुन्हा त्या खुर्चीत बसलेल्या बाईनेच करायचं. तिची आयुष्यभराची ठेव एका दुपारी अनोळखी खात्यात निघाली तर ती एक दिवस अडवून धरण्याची सक्ती बँकेवर का नको?

दूर राहून हे बोलणं सोपं आहे, असं माझा भाऊ म्हणतो. खरं आहे ते. आईच्या दाराची बेल मी वाजवली नाही, काकूंनी वाजवली.

परवा आईचा फोन आला. गॅसची तपासणी करायला कुणी आलं होतं. तिने साखळी काढली नाही, ओळखपत्र मागितलं. तो माणूस चिडला, “आजी, रोज येतो आम्ही,” म्हणाला आणि निघून गेला. ती दुपारभर बेचैन होती. मला विचारत होती, “मी फार तोडून बोलले का गं?”