माझा ससा उपाशी नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सशाचं पोट आणि लेंड्या यावर मागे लिहिलं होतं, त्याखाली परवा एक लांबलचक प्रतिक्रिया आली, खाली नाव नाही, नुसतं 'फोंड्याहून एक वाचक'. ज्यांनी ती बघितली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या भाऊंचं म्हणणं असं की पोट भरलेलं जनावर स्वतःची घाण कधी खात नाही, तुमचा ससा लेंड्या खातो म्हणजे तुम्ही त्याला गवतावर उपाशी ठेवलाय, आणि 'पोटभर घालायची ऐपत नसेल तर जनावरं पाळू नयेत'. पुढे, त्यांच्या घरी लहानपणी ससे होते ते पाव, चपाती आणि गाजर खाऊन मजेत जगले. टिमोथी गवत वगैरे श्रीमंतांचे चोचले, आणि आपल्या पावसात गवत टिकतही नाही. कंपनीचं पेलेट, म्हणजे सशासाठी तयार मिळणारं गोळ्यांचं खाणं, मिळत असताना ते मोजून कशाला घालायचं. आणि सगळ्यात शेवटी, सशाला पाणी द्यायचं नसतं हे मला कोणी शिकवलं नाही का.

कमेंटमध्येच उत्तर लिहायला बसले होते पण ते वाढत गेलं, म्हणून इथे घालते.

आधी बोलण्याच्या पद्धतीबद्दल. मतभेद असू द्या, लेखात काही पटलं नसेल तर विचारा, मी रात्री जागून लोकांच्या मेसेजना उत्तरं देते, कोणाला कधी टाळलेलं नाही. पण ज्या बाईला तुम्ही कधी भेटला नाहीत, जिच्या घरात पाय ठेवला नाहीत, तिची ऐपत काढायची हे कुठल्या रीतीत बसतं? मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात वाढले, वाळपईच्या पुढे माझं माहेर. घरात गोठा होता, गाई होत्या, म्हैस होती, आणि आमचे बाबा स्वतः जेवायला बसायच्या आधी गोठ्यात फेरी मारून यायचे. वासरू दूध ओढत नसलं की घरात कोणाचं जेवणात लक्ष लागायचं नाही. उपाशी जनावर कसं उभं राहतं, त्याची कूस कशी आत जाते, कातडी कशी दिसते, हे मी शाळेत जायच्या आधीपासून बघत आलेय. त्यामुळे मला ते नाव न सांगता कोणी शिकवू नये. म्हातारा माणूस घरी येऊन बोलला असता तर ऐकून घेतलं असतं, इथे सगळ्यांच्या समोर नाही.

आता त्या एका वाक्यावर येते, कारण ते वाचून आणखी चार जण घाबरतील आणि उद्यापासून सशाला भात कालवून घालतील, मला त्याची जास्त काळजी वाटते.

गाय रवंथ करते, बरोबर? गिळलेला चारा परत तोंडात आणते, परत चावते. ती उपाशी असते म्हणून करते का? तिचं पोटच तसं आहे, गवत एका फेरीत पचत नाही. सशालाही गवतच खायचं आहे, पण त्याच्याकडे गाईसारखं चार कप्प्यांचं पोट नाही, आणि त्याला उलटी करताच येत नाही, एकदा खाली गेलं की वर येणं नाही. मग त्याच्या शरीराने दुसरी वाट काढलीय. लहान आतड्याच्या पुढे, मोठं आतडं सुरू होतं तिथे सीकम म्हणून एक मोठी पिशवी असते, सशाच्या पोटातली सर्वात मोठी जागा तीच. खाल्लेलं अन्न मोठ्या आतड्यात आलं की तिथे त्याची निवड होते. जाड धागे, काड्यांचे तुकडे भराभर पुढे ढकलले जातात आणि त्यांच्या बनतात कोरड्या गोल लेंड्या, ज्या तुम्ही झाडून टाकता. बारीक कण आणि रस मात्र उलटे मागे, सीकममध्ये पाठवले जातात. तिथे जंतू ते आंबवतात, आणि त्यातून बी गटातली जीवनसत्त्वं, के जीवनसत्त्व आणि प्रथिनं तयार होतात. पण गंमत अशी की, हे सगळं तयार होतं लहान आतड्याच्या पुढे, म्हणजे शोषून घ्यायची मुख्य जागा मागे राहून गेली. मग ते मिळवायचं कसं? तर परत तोंडातून आत घ्यायचं. म्हणून दुसऱ्या प्रकारची लेंडी, मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या छोट्या घडासारखी एकमेकांना चिकटलेली, थोडा उग्र वास असलेली. सीकोट्रोप म्हणतात तिला. ससा ती जमिनीवरून उचलून खात नाही, तोंड खाली नेऊन थेट शेपटीखालून घेतो आणि न चावता गिळतो. तिच्यावर चिकट आवरण असतं म्हणून जठरातल्या जहाल आम्लात आतले जंतू काही तास टिकतात. कोरड्या लेंडीच्या जवळजवळ दुप्पट प्रथिनं तिच्यात असतात. तिला घाण म्हणणं म्हणजे सशाचं अर्धं जेवण ओतून टाकणं.

आणि हे फक्त पिंजऱ्यातले नाही, रानातले ससेही करतात. पाळतात ते ससे मूळचे युरोपातले, स्पेन-पोर्तुगालच्या कोरड्या माळावरचे, आपल्या डोंगरावर रात्री गाडीच्या लाईटपुढून पळतो तो वेगळा प्राणी. पण त्याच्याही पोटाची रीत हीच आहे.

एक गोष्ट मान्य करते, म्हणजे मी एकतर्फी लिहिते असं व्हायला नको. ससा खरोखर उपाशी राहिला तर तो कोरड्या लेंड्यासुद्धा खातो, हे खरं आहे, आणि मूळ लेखात ते मी घातलं नव्हतं. पण भाऊ, मी लिहिलं होतं ते मऊ लेंडीबद्दल, पहाटे आणि शांत बसल्यावर घेतो त्याबद्दल. तुम्ही दोन्ही एकत्र करून माझ्या अंगावर टाकलंत.

उलट मला सांगायचंय ते तुमच्या अगदी विरुद्ध आहे. ज्या सशाला गोड, पिठाचं, पेलेट असं नको तेवढं घातलं जातं तोच मऊ लेंडी सोडून देतो. आमची शेवंती आमच्याकडे आली ती एका नातेवाइकांकडून, तिथे तिला सकाळी पोदेर (पाववाला) आला की गरम पाव, संध्याकाळी बिस्कीट, आणि वर भरपूर पेलेट. अंगाने गुबगुबीत, सगळे म्हणायचे काय छान पोसलीय. आणि मागची बाजू बघाल तर काळ्या चिकट लगद्याने माखलेली, केसांची गोळी झालेली, खाली कातडी लाल. तिला पोट पुढे आल्यामुळे तोंड तिथवर नेताच येत नव्हतं, आणि आतून लेंडी घड बांधून न येता पातळ, चिखलासारखी येत होती. पाव बंद केला, बिस्कीट बंद, पेलेट हळूहळू कमी केलं, एकदम नाही, आणि समोर सदानकदा गवत. महिनाभर लागला असेल, पण मग मागची बाजू कोरडी झाली ती आजपर्यंत कोरडी आहे. आता ती मऊ लेंडी दिसतच नाही, कारण ती स्वतः घेते. उपाशी ससा असा दिसतो का ते या तुम्ही म्हापशाला, बघून जा.

आणि माखलेली शेपटी म्हणजे नुसता अस्वच्छपणा असं कोणी समजू नका. जून ते सप्टेंबर आपल्याकडे माशी किती असते माहीत आहे, ती त्या ओल्या लगद्यावर अंडी घालते, अळ्या चोवीस तासांतही बाहेर पडू शकतात आणि त्या जिवंत सशाची कातडी पोखरतात. मी हे डोळ्याने बघितलंय, शेजारच्या वाड्यावर, आणि परत बघायचं नाहीये. पावसाळ्यात रोज एकदा ससा उलटा नाही, नुसता थोडा वर उचलून मागे बघायचं.

तुमचे ससे पावावर जगले म्हणता, असतील जगले. किती वर्षं ते लिहिलं नाहीत. नीट खाणारा पाळीव ससा आठ-दहा वर्षं सहज जातो, तुम्ही वर्ष सांगा मग बोलू. पाव-चपाती-भात यातला स्टार्च सीकममध्ये पोचला की तिथले चांगले जंतू मागे पडतात, वाईट वाढतात, गॅस धरतो. मागच्या चवथीला घरी पाहुणे होते, कोणाच्या तरी पोराने मिरीला, आमच्या दुसऱ्या सशाला, माटोळीखालून (गणपतीवर बांधतात त्या फळापानांच्या मांडवीखालून) उचलून नेवरी (करंजी) भरवली, एक की दोन कोणास ठाऊक, आणि रात्री ती कोपऱ्यात पाठ वाकवून बसली, दात कराकरा वाजवत, समोर दूर्वा ठेवल्या त्यालाही तोंड लावेना. लेंड्या थांबल्या. ज्यांनी हे बघितलंय त्यांना माहीत आहे तो आवाज कसा काळजात जातो. ससा दहा-बारा तास खात नसेल आणि लेंडी टाकत नसेल तर सकाळची वाट बघायची नसते, ती इमर्जन्सी आहे, पोट थांबलं की लिव्हरपर्यंत जातं. आम्ही गाडी काढून गेलो. वाचली. (एक वेगळं सांगून ठेवते, एका दवाखान्यात मागे मला तोंडातून द्यायचं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं होतं. सशाला ते तोंडावाटे चालत नाही, सीकममधले जंतू मारून टाकतं आणि ससा त्यानेच जाऊ शकतो. मी दिलं नाही. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर चांगले असतात पण ससा नेहमी बघणारे आहेत का ते आधी फोनवर विचारा.)

लेंडी बघायला शिका हे मी परत लिहिते, कोणाला किळस आली तरी. चांगली लेंडी वाटाण्याएवढी, गोल, एकसारखी, रंगाने फिकट तपकिरी, बोटात चुरली की आत गवताचा भुसा दिसतो. दिवसाला 200 ते 300 पडतात, मोजत बसायचं नाही, ढीग रोजच्यासारखा आहे ना ते बघायचं. बारीक, काळ्या, कडक, टोकदार झाल्या तर खाण्यात गवताचा धागा कमी पडतोय किंवा पाणी कमी. केसाने माळेसारख्या गुंफलेल्या आल्या तर केस गळतायत, ब्रश करा आणि गवत वाढवा.

गवताच्या खर्चाचं म्हणाल तर टिमोथीच पाहिजे असं मी कुठे म्हटलं? दूर्वा चालतात, स्वच्छ जागेवरच्या, फवारा न मारलेल्या. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर सुकवून ठेवा, पावसात घट्ट झाकणाच्या डब्यात, काढताना वास घ्या, कुबट आला तर फेकून द्या. झालं. याहून जास्त त्यावर बोलण्यासारखं नाही. मुळ्याचा पाला, कोथिंबीर, पुदिना रोज थोडा थोडा बदलून, आणि तांबडी भाजी (लाल माठ) कमी, तिच्यात ऑक्झलेट जास्त. गाजर म्हणजे खाऊ, जेवण नाही. दात आयुष्यभर वाढत असतात, ते झिजतात गवत चावून, पेलेट तोंडात दोन मिनिटांत विरघळतं, म्हणून मोजून, किलोभर वजनाला साधारण 25 ग्रॅम, पुरे. कंपनीने पोत्यावर काय छापलंय तो कंपनीचा विचार.

राहिलं पाणी. हे तुम्ही शेवटी एका ओळीत टाकलंत आणि मला वाटतं तुमच्या अख्ख्या कमेंटमध्ये सगळ्यात घातक हेच आहे. 'पाणी प्यायला की ससा मरतो' हे विकणारेसुद्धा सांगतात, मी स्वतः ऐकलंय. ससा पाण्याशिवाय राहूच शकत नाही, किलोमागे दिवसाला 50 ते 100 मिली सहज पितो, गवत जास्त खाल्लं की आणखी. पाणी नसलं की तो खाणं सोडतो, आतलं सगळं सुकून घट्ट होतं आणि पोट थांबतं. मरतो तो असा मरतो, आणि दोष पाण्याला जातो. तुमच्याकडे किंवा तुमच्या ओळखीत कोणाकडे आत्ता ससा असेल तर माझ्याशी भांडण नंतर करा, आधी जड मातीच्या वाडग्यात, उलटणार नाही असं, स्वच्छ पाणी ठेवा. आजच.