‘भेटलं’ मागे घेते, ‘ॲड करून घ्या’ मात्र नाही

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री उत्तर लिहायला बसले होते. ते रागात लिहिलं गेलं, म्हणून पुसून टाकलं. आज आठ दिवसांनी पुन्हा बसलेय, आणि प्रतिक्रियेच्या रकान्यात मावणार नाही म्हणून वेगळंच लिहिते.

ज्यांनी आधीचा लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. रोज कानावर पडून पडून कान किटलेत अशा शब्दप्रयोगांची एक यादी मी दिली होती. ‘बेसिकली’, ‘लिटरली’, ‘विषय हार्ड’, ‘त्या ठिकाणी’, ‘पाहायला मिळतंय’, ‘बसून घ्या’, ‘ॲड करून घ्या’, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. आणि त्यातच ‘पुस्तक भेटलं’सुद्धा होतं.

त्यावर तुम्ही लिहिलंत, की तुम्ही परभणीहून १४ वर्षांपूर्वी पुण्यात आलात. अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात ‘हे पुस्तक भेटंल का?’ असं विचारलंत, तर काउंटरमागचा माणूस म्हणाला, ‘भेटतात माणसं, पुस्तक मिळतं.’ शेजारचे दोघं हसले. तेव्हापासून दुकानात शिरण्याआधी तुम्ही वाक्य मनात जुळवून घेता. ‘तुमचा लेख त्या दुकानदाराचाच आहे, फक्त लांबीला जास्त,’ हे तुमचं वाक्य मला लागलं. पुढे तुम्ही म्हणता, भाषा वाहती आहे, पेठेत बसून तिला बांध घालू नका. माणूस गेल्यावर कुणी शब्दकोश उघडून बसत नाही. आणि शेवटी विचारलंत, ‘माझी आई डाळ हाटते. तुमच्या मराठीत हा शब्द बसतो का?’

‘भेटलं’ मी यादीतून काढलंय. ते तिथे असायलाच नको होतं. मराठवाड्यात आणि बाहेरही लाखो माणसं जन्मल्यापासून वस्तू ‘भेटली’ असंच म्हणतात, आणि त्यांच्या आया, आज्याही तसंच म्हणत आल्या. घरातून आलेली बोली आणि सगळे म्हणतात म्हणून तोंडात बसलेलं पालुपद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी त्या एकाच पिशवीत कोंबल्या. माझं सगळं शिक्षण पेठेत झालं. आमच्या घरी ‘भेटलं’ म्हटलं की लगेच ‘मिळालं’ अशी दुरुस्ती यायची, आणि ती दुरुस्ती मी तपासून न पाहता पुढे चालवली. एकोणिसाव्या शतकात पुण्यातल्या शिकलेल्या लोकांची बोली व्याकरणं, कोश आणि शाळेची पुस्तकं यांतून प्रमाण ठरली. ज्यांच्या घरात ती आधीपासून होती त्यांना शुद्धलेखनाचे गुण जवळजवळ आयते मिळाले. मी त्यांतलीच एक. तुम्हाला त्या दिवशी दुकानात जे झालं त्याबद्दल मनापासून वाईट वाटतं, आणि माझ्या लेखाने ती जखम पुन्हा उकरली त्याबद्दल क्षमा मागते.

भाषा वाहती आहे, हेही मान्य. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंत हणमंत्यांनी राज्यव्यवहारकोश केला, कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी आज आपण अर्ज करतो, तारीख घालतो, जमीन विकतो. आपला पाव, बटाटा, पगार पोर्तुगिजांकडून आला, तूप आणि अक्का कानडीतून. ‘मदत’ हा शब्द मुळात अरबी, पण आपण तो आपल्या विभक्तीला बांधून घेतला: मी तुला मदत केली. हल्ली ‘मी तुझी मदत केली’ ऐकू येतं ते मला खटकतं, कारण तिथे शब्द आपला राहून त्याच्यामागचं व्याकरण हिंदी झालंय. पण त्यावर भांडण्यात मला रस नाही.

पोरांच्या ‘विषय हार्ड’वरही नाही. आमच्या कॉलेजात सगळं ‘सॉलिड’ असायचं, नंतर ‘सही’ आलं, मग ‘एक नंबर’, आता ‘कडक’ आणि ‘वाढीव’. असा शब्द आठ-दहा वर्षं मिरवतो आणि पुढची पोरं नवा आणतात. त्याने कुणाचं काही बिघडत नाही. तेही यादीतून काढते.

श्रद्धांजलीबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे तुम्ही माझ्यावर निष्ठुरपणाचा ठपका ठेवलाय.

माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली. सोसायटीच्या ग्रुपवर भावाने बातमी टाकली आणि अर्ध्या तासात फोनचा पडदा भरून गेला. भावपूर्ण श्रद्धांजली, जोडलेले हात. पुन्हा भावपूर्ण श्रद्धांजली, पुन्हा हात. काहींनी वरचाच मजकूर उचलून चिकटवला होता, हे कळत होतं, कारण वरच्याची शुद्धलेखनाची चूक खालच्या सात जणांकडे तशीच उतरली होती. त्यातल्या कुणाच्याही मनात खोट होती असं मी म्हणत नाही. पूर्वी लोक घरी येऊन नुसते बसायचे, काही बोलायचे नाहीत, आणि ते पुरायचं. पण तिथे माणूस येऊन बसलेला असायचा. इथे त्याचं बसणंही नव्हतं आणि त्याचा शब्दही नव्हता.

त्याच दुपारी आम्हाला दूध घालणाऱ्या काकांचा निरोप आला. ‘काकू रोज पातेलं घेऊन खाली यायच्या. पिशवी नको म्हणायच्या. दिवाळीत पातेल्यात लाडू असायचे.’ एवढाच. श्रद्धांजली हा शब्दही त्यात नव्हता. तो निरोप मी अजून जपून ठेवलाय. आईचं ते पितळी पातेलं, त्याचा एका बाजूने चेपलेला काठ, सगळं त्या तीन ओळींनी माझ्यासमोर आणून ठेवलं. त्या काकांनी काही शब्दकोश उघडला नव्हता. त्यांनी फक्त आईला आठवून पाहिलं होतं. माझी तक्रार होती ती एवढ्याच गोष्टीबद्दल, आणि लेखात ती नीट उतरली नाही हा माझा दोष.

बातम्यांतलं ‘त्या ठिकाणी’ मला त्याच कारणाने छळतं. ‘त्या ठिकाणी पाणी शिरल्याचं पाहायला मिळतंय, त्या ठिकाणी नागरिकांमध्ये कुठेतरी भीतीचं वातावरण पाहायला मिळतंय.’ थेट प्रक्षेपणात बोलणाऱ्याला क्षणाचीही फट ठेवता येत नाही, पुढचं वाक्य सुचेपर्यंत जिभेला काहीतरी धरून ठेवायला लागतं, हे मी समजू शकते. घरात आपणही ‘आपलं ते हे’ म्हणतोच. पण ऐकणाऱ्याला शेवटी काय कळतं? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याला पूर आला, अरण्येश्वर, सहकारनगर, टांगेवाले कॉलनी या भागांत पाणी घुसलं, माणसं गेली. तिथल्या एका ओळखीच्या बाईंनी मला नंतर सांगितलं, ‘पाणी दारातून नाही आलं आधी. मोरीतनं वर आलं. मला वाटलं मोरी तुंबली, म्हणून मी फडकं कोंबत बसले.’ हे ऐकल्यावर त्या रात्री ओढ्याकाठच्या घरात काय झालं असेल ते मला कळलं. ‘त्या ठिकाणी’ कितीही वेळा ऐकून ते कळलं नसतं.

दवाखान्यातल्या ‘बसून घ्या’बद्दल तुम्ही विचारलंत, की ती मुलगी आदराने बोलते त्यात तुमचं काय जातं? जात काहीच नाही. पण ‘बसा’ म्हणण्यात आदर असतोच, आणि तिला नुसतं ‘बसा’ तुटक वाटतं हे मला खुपतं. मराठीतल्या ‘घेणे’ला एक नेमका अर्थ आहे. ‘जेवून घे, मग निघायचंय’, ‘थोडं झोपून घे, रात्री जागायचंय’: पुढे काहीतरी आहे, त्याआधी तुझ्या सोयीचं हे उरकून टाक. ‘नाव लिहून घ्या, फी भरून घ्या, बसून घ्या, आत जाऊन घ्या’ असं सगळीकडे ते चिकटवलं की त्या ‘घे’मधली माया निघून जाते. आई ‘जेवून घे’ म्हणायची त्यात माझ्या पुढच्या सगळ्या दिवसाची काळजी होती.

आता तुमच्या आईंच्या डाळीकडे येते. खरं तर हे सगळं त्यासाठीच लिहायला घेतलं.

माझी आई पिठलं करायला बसली की मला हाक मारायची. कढईला कान एकच उरला होता, ती हलू नये म्हणून सांडशीने धरायचं काम माझं. फोडणीच्या पाण्याला आधण आलं की ती डाव्या मुठीतून पीठ वैरायची. मूठ किंचित सैल, धार बारीक, आणि उजव्या हातातली पळी क्षणभरही थांबायची नाही. पीठ एकदम लोटायचं नाही, हे ‘वैर’ या शब्दातच होतं, वेगळं सांगावं लागत नव्हतं. पुढे मी करायला लागले आणि गुठळ्या झाल्या, तेव्हा कढईत डोकावून ती म्हणाली, ‘वैरलं नाहीस, ओतलंस.’ माझी सगळी चूक तेवढ्यात आली.

गेल्या महिन्यात माझ्या भाचीने फोन केला. ती बाणेरला मैत्रिणींबरोबर राहते. व्हिडिओ बघून पिठलं केलं होतं, गोळेच गोळे झाले होते. मी तो व्हिडिओ पाहिला. ‘आता यामध्ये आपल्याला बेसन ॲड करून घ्यायचं आहे, आणि छान असं मिक्स करून घ्यायचं आहे.’ भाची म्हणाली, ‘मावशी, सांगितलं तेवढं ॲड केलं ना मी.’ तिचं काय चुकलं? ढोबळी मिरचीवर पीठ पेरतात, पिठल्यात ते वैरतात, भजी तेलात सोडतात, कोशिंबिरीला कूट लावतात, कोथिंबीर वरून भुरभुरतात, आमटीत गूळ घालतात. दर वेळी हात वेगळा चालतो आणि शब्द त्या हाताला शिकवतो. ‘ॲड’ कुठल्याच हाताला काही शिकवत नाही. ‘मिक्स’चं तेच. ढवळणे, कालवणे, घोटणे, फेसणे, सगळं त्याच्या पोटात गेलं. आणि तुमच्या आईंचं हाटणेही.

‘हाटणे’ मराठीत बसतो का, असं तुम्ही विचारलंत. त्याला बसवणारी मी कोण? आमच्याकडे डाळ घोटतात. हाटण्यात मला त्याहून जोर ऐकू येतो, मनगटाचा झटका ऐकू येतो. दोन्ही शब्द असायला हवेत, आणि दोन्ही एकाच शब्दाखाली दबून चाललेत.

तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला आणि एक गोष्ट ध्यानात आली. करणाऱ्या बाईंचा हात सुरेख होता. मूठ सैल, धार बारीक, थेट माझ्या आईसारखी. हात वैरत होता आणि तोंड ‘ॲड करून घ्यायचं’ म्हणत होतं. शब्द त्यांना येत नसेल असं मला वाटत नाही. बोलण्यावरून त्या पुण्याच्या नव्हत्या, आणि सांभाळून, जपून बोलत होत्या. तुमची प्रतिक्रिया आधी वाचली नसती तर मला हे उमगलं नसतं. घरचा शब्द काढला की कुणीतरी हसेल ही धास्ती त्यांना असावी, आणि ‘ॲड’ला कुणी हसत नाही. तुम्ही दुकानात शिरण्याआधी वाक्य जुळवता ना, तसंच त्याही कॅमेऱ्यासमोर जुळवत असतील. मी इतके दिवस या पालुपदांचा दोष बोलणाऱ्यांच्या आळसाला देत होते. अप्पा बळवंत चौकातल्या त्या हसण्याचाही त्यात मोठा वाटा आहे, आणि ‘भेटलं’ यादीत टाकून मी त्या हसण्यात सामील झाले होते.

म्हणून ‘ॲड करून घ्या’ यादीत ठेवते, आणि त्याच्याखाली नवीन मजकूर लिहिते. त्यासाठी मला तुमची मदत हवी आहे. तुमच्या आईंना विचारून कळवाल का? डाळ हाटायला त्या रवी घेतात की पळी? पिठल्याच्या आधणात पीठ सोडण्याला तुमच्याकडे काय म्हणतात? आणि भाजीवर पेरण्याला वेगळा शब्द आहे का? त्या म्हणतील तसंच लिहा, जुळवू नका. मी तसंच छापेन.